उतरलेली लिथियम बॅटरी ‘उठवण्या’चा धंदा थांबायला हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विजेवरच्या दुचाकीने पेट घेतल्याची बातमी आली की चर्चा ठरलेल्या तीन कारणांभोवती फिरते : उन्हाळा, रात्रभराचे चार्जिंग आणि हलक्या प्रतीचे सेल. तिन्ही खरी आहेत, पण चौथे कारण जवळजवळ कुणी घेत नाही. बॅटरी गरजेपेक्षा जास्त उतरली, तशीच आठवडेच्या आठवडे पडून राहिली आणि मग कुणीतरी ती जबरदस्तीने ‘उठवून’ पुन्हा गाडीत बसवली, हे ते कारण. याचा परिणाम त्या दिवशी दिसत नाही. महिना-दोन महिन्यांनी चार्जिंगला लावलेली असताना दिसतो आणि दोष चार्जरच्या माथी जातो. मे महिन्याची सुट्टी, पावसाळा, गणपतीत गावी जाणे या काळात हजारो गाड्या पार्किंगमध्ये नुसत्या उभ्या असतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आधी सेलच्या आत काय होते ते. लिथियम-आयन सेलमध्ये दोन लांब पातळ पट्ट्या एकत्र गुंडाळलेल्या असतात. धन बाजूची पट्टी ॲल्युमिनियमच्या फॉइलची, तिच्यावर निकेल-मँगनीज-कोबाल्टच्या ऑक्साइडचा किंवा लोह-फॉस्फेटचा लेप. ऋण बाजूची पट्टी तांब्याच्या फॉइलची, तिच्यावर ग्राफाइटचा लेप. ही तांब्याची फॉइल साधारण ६ ते १० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असते. डोक्याचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास भरतो. दोन्ही पट्ट्यांच्या मधे प्लास्टिकचा सच्छिद्र पडदा असतो, तोही १०-२० मायक्रॉनचाच.

चार्ज करताना लिथियम ग्राफाइटमध्ये जाऊन बसते आणि गाडी चालवताना तिथून निघून धन बाजूकडे जाते. मल्टिमीटरवर (व्होल्टेज मोजण्याच्या यंत्रावर) दिसणारा आकडा म्हणजे या दोन बाजूंच्या विभवांतला, म्हणजे विद्युत पातळ्यांतला, फरक. शुद्ध लिथियम धातूचे विभव शून्य धरले, तर पूर्ण चार्ज निकेलवाल्या सेलमध्ये धन बाजू ४.३ व्होल्टच्या आसपास आणि ग्राफाइट ०.१ व्होल्टच्या आसपास असते, फरक ४.२. सेल उतरत जातो तशी धन बाजू फार खाली येत नाही, साडेतीन व्होल्टच्या आसपास रेंगाळते. ग्राफाइटमधले लिथियम संपत आले की ऋण बाजूचे विभव मात्र झपाट्याने वर चढते. शेवटच्या काही टक्क्यांत व्होल्टेज धाडकन कोसळतो तो यामुळे. आता सेल शून्य व्होल्टवर आला याचा अर्थ काय? दोन्ही बाजू एका पातळीवर आल्या, आणि ती पातळी साडेतीन व्होल्टच्या आसपासची आहे. नेमक्या याच पातळीला तांबे विरघळू लागते.

म्हणजे ‘शून्य व्होल्ट, सेल रिकामा, आता कसला धोका’ हा जो सर्रास समज आहे तो साफ उलटा आहे. ऋण फॉइलच्या तांब्याचे कण आयन होऊन आतल्या द्रावणात उतरायला लागतात ते याच अवस्थेत.

मग ऋण बाजूलाही ॲल्युमिनियम का वापरत नाहीत, असा प्रश्न रास्त आहे. ग्राफाइट ज्या कमी विभवावर काम करते तिथे लिथियम ॲल्युमिनियमशी मिश्रधातू बनवते आणि फॉइलचा भुगा होतो. तांब्याला तो त्रास नाही. सोडियम-आयन सेलमध्ये सोडियम तसे करत नाही, म्हणून तिथे दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियम चालते आणि ते सेल शून्य व्होल्टवर आणून पाठवले तरी बिघडत नाहीत. पण सध्या आपल्या गाड्यांत आहेत ते बहुतांशी लिथियमचे सेल, त्यामुळे हा प्रश्न आपल्याला सुटलेला नाही.

तांब्याच्या आधी आणखी एक गोष्ट बिघडते. ग्राफाइटच्या कणांवर सेलच्या अगदी पहिल्या चार्जिंगच्या वेळी काही नॅनोमीटर जाडीचा संरक्षक थर तयार होतो. द्रावण आणि ग्राफाइट यांची थेट गाठ पडू न देणे हे त्याचे काम. ऋण बाजूचे विभव फार चढले की हा थर मोडू लागतो, कार्बन डायऑक्साइडसारखे वायू सुटतात आणि मऊ पाकिटासारखा पाऊच प्रकारचा सेल फुगतो. दंडगोल सेलचे कवच पोलादी असल्याने फुगवटा बाहेरून दिसत नाही, दाब आत साठतो. पुन्हा चार्ज करताना हा थर नव्याने बनावा लागतो आणि त्यात जे लिथियम खर्ची पडते ते कायमचे गेले. एकदा खोल उतरलेला पॅक, म्हणजे अनेक सेल जोडून बनलेली अख्खी बॅटरी, वरकरणी ठणठणीत चार्ज होतो, पण किलोमीटर पूर्वीइतके देत नाही आणि चढावर दम तोडतो, त्याचा उगम इथे आहे.

हे नुकसान पैशाचे. तांब्याचे नुकसान जिवाशी येऊ शकते. द्रावणात उतरलेले तांबे पुढच्या चार्जिंगमध्ये परत धातू होते, पण मूळ जागी फॉइल म्हणून बसत नाही. ते ग्राफाइटच्या पृष्ठभागावर आणि पडद्याच्या छिद्रांत जिथे जमेल तिथे, बऱ्याचदा सुईसारख्या टोकांनी वाढते. एखादे टोक पडद्यातून आरपार जाऊन धन बाजूला टेकले की सेलच्या आतच शॉर्ट होतो. तो बारीक असेल तर सेल नुसता ठेवला तरी इतरांपेक्षा लवकर उतरतो आणि किंचित कोमट राहतो. मोठा झाला, आणि सेल त्या वेळी भरलेला असला, तर तापमान स्वतःच वाढत जाते आणि पुढे ते कोणतीही बाहेरची यंत्रणा थांबवू शकत नाही, कारण शॉर्ट आत आहे. फ्यूज, एमसीबी (वीज तोडणारी कळ), बीएमएस (सेलवर देखरेख ठेवणारा बोर्ड) सगळे सेलच्या बाहेर असतात.

नुकसान किती होणार हे दोन गोष्टींवर ठरते : किती खोल आणि किती काळ. सेल तासभर २.४ व्होल्टला गेला आणि लगेच चार्ज झाला, तर फारसे काही बिघडत नाही. एक व्होल्टला आठवडाभर राहिला तर तो बाद धरावा. शून्याला महिनाभर राहिला असेल तर त्याच्यावर वेळ घालवू नये.

आता आकड्यांचे बोलू. निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारचा सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट, सरासरी ३.६ ते ३.७ आणि उत्पादकाने दिलेली खालची मर्यादा बहुधा २.५ ते ३.० व्होल्ट असते. लोह-फॉस्फेटचा सेल ३.६५ ला भरतो, सरासरी ३.२ आणि खालची मर्यादा बहुतेक पॅकमध्ये २.५ ठेवतात. डेटाशीटवर (उत्पादकाच्या माहितीपत्रकावर) २.५ लिहिले आहे म्हणून तिथपर्यंत ओढायचे, हा हिशेब शहाणपणाचा नाही. ३.० पासून २.५ पर्यंत जाताना हाती लागते ती जेमतेम काही टक्के क्षमता. स्कूटरच्या भाषेत एक-दोन किलोमीटर. त्यासाठी सेलला कड्याच्या टोकापर्यंत न्यायचे कशाला? चांगले पॅक बनवणारे निकेलवाल्या पॅकचा कट-ऑफ, म्हणजे पुरवठा तोडण्याची पातळी, २.८ ते ३.० ला लावतात तो म्हणूनच.

इथेच चालकांची एक सवय सांगायला हवी. बॅटरी संपून गाडी बंद पडते, चालक पाच मिनिटे थांबतो, किल्ली फिरवतो आणि गाडी चालू होते. ‘अजून दम आहे’ असे समजून तो आणखी अर्धा किलोमीटर काढतो. प्रत्यक्षात भार काढल्यावर सेलचा व्होल्टेज आपोआप थोडा वर येतो, भाराखाली २.८ दाखवणारा सेल विश्रांतीत ३.२ दाखवू शकतो. आत शिल्लक मात्र तेवढीच असते. असे तीन-चार वेळा केले की सगळ्यात कमकुवत सेल मर्यादेच्या खाली जातो. घर जवळ असेल तर गाडी ढकलत न्यावी, हे ऐकायला कडवट वाटले तरी स्वस्त पडते.

‘सगळ्यात कमकुवत सेल’ हा मुद्दा बहुतेक जण नजरेआड करतात. रस्त्यावरच्या अनेक हलक्या स्कूटरमध्ये असतो तसा ४८ व्होल्टचा निकेलवाला पॅक घ्या. त्यात सेलचे १३ गट एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येक गटात, समजा, अडीच अँपिअर-अवर क्षमतेचे १२ सेल शेजारी-शेजारी, म्हणजे पॅक ३० अँपिअर-अवरचा आणि एकूण सेल १५६. मोटरचा कंट्रोलर पॅकचा एकूण व्होल्टेज बघतो आणि साधारण ३९ ला, म्हणजे गटामागे ३.० धरून, बंद होतो. पण १२ गट ३.२५ ला असतील आणि तेरावा शून्याला, तरी बेरीज ३९ च येते! कंट्रोलरच्या लेखी सगळे आलबेल. त्याच्याही पुढे गाडी चालवली तर बाकीचे १२ गट त्या संपलेल्या गटातून प्रवाह रेटत राहतात आणि तो शून्याच्याही खाली, उलट्या ध्रुवतेत जातो. तांबे सगळ्यात वेगाने विरघळते ते या स्थितीत.

हे रोखण्यासाठीच बीएमएस बोर्ड प्रत्येक गटाचा व्होल्टेज वेगळा मोजतो आणि एक जरी गट मर्यादेखाली गेला तरी पुरवठा तोडतो. ‘बीएमएस सारखी ट्रिप होते’ अशी तक्रार आली की ती बहुतेक वेळा बोर्डची नसते, एक गट आजारी असल्याची खबर असते. आणि यावरचा बाजारातला उपाय काय, तर बोर्डवरचे बी-मायनस (सेलकडचे ऋण टोक) आणि पी-मायनस (गाडीकडचे ऋण टोक) हे दोन बिंदू जाड वायरने थेट जोडून टाकायचे. गाडी चालू लागते, ग्राहक खूश, आणि डिस्चार्जचे संरक्षण त्या क्षणी संपलेले असते. असा पॅक गाडीत बसवून देणे हा आमच्या मते निव्वळ बेजबाबदारपणा आहे, त्याला जुगाड म्हणून कौतुकाने बघू नये.

चालवताना बॅटरी जास्त उतरणे हा प्रकार तरी लक्षात येतो. उभ्या गाडीत ती उतरते ते कळतच नाही. लिथियम सेल स्वतःहून महिन्याला दोन-तीन टक्के उतरतो, ते किरकोळ. खरा खर्च गाडीचा असतो. किल्ली काढली तरी व्होल्टेज उतरवणारा कन्व्हर्टर, चोरीचा अलार्म आणि जीपीएस ट्रॅकर थोडी-थोडी वीज खात राहतात. सगळे मिळून २० मिलिअँपिअर धरा. ३० अँपिअर-अवरचा पॅक १० टक्क्यांवर ठेवून गाडी लावली, तर शिल्लक ३ अँपिअर-अवर. भागिले ०.०२ अँपिअर, म्हणजे १५० तास, सव्वासहा दिवस. अर्ध्या चार्जवर लावली तर महिनाभर. म्हणजे दीड महिन्याच्या सुट्टीवर जाणाऱ्याने ‘अर्धी भरून ठेवली होती’ म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही.

उपाय साधा आहे आणि तो बहुतेक गाड्यांत सीटखालीच आहे : एमसीबी. ती खाली केली की कन्व्हर्टर, अलार्म वगैरेंचा खर्च थांबतो. फक्त दोन गोष्टी तपासायच्या. एक, बाहेरून बसवून घेतलेला ट्रॅकर एमसीबीच्या आधी, थेट पॅकला जोडलेला नाही ना. दोन, बीएमएस बोर्ड स्वतः किती खातो. कारण एमसीबी बंद असली, पॅक बाहेर काढून ठेवला, तरी बोर्ड सेलला जोडलेलाच असतो.

या दुसऱ्या मुद्द्यावर चांगल्या आणि स्वस्त बोर्डमधला फरक उघडा पडतो. समजा, कट-ऑफ झाल्यावर पॅकमध्ये ३ टक्के, म्हणजे ०.९ अँपिअर-अवर उरले. बोर्ड १ मिलिअँपिअर खात असेल तर ९०० तासांत, ३७ दिवसांत ते संपते आणि सेल शून्याकडे निघतात. कट-ऑफनंतर गाढ झोपेत जाणारा बोर्ड ५० मायक्रोअँपिअरवर भागवतो. त्याच शिलकीवर तो हिशेबाने दोन वर्षे काढेल, त्याआधी सेलचे स्वतःचे उतरणेच आड येईल. दोन बोर्डच्या खरेदीतला फरक मात्र पॅकच्या किमतीपुढे नगण्य असतो. काही स्वस्त बोर्ड तर स्वतःला लागणारी वीज सगळ्या १३ गटांतून न घेता खालच्या तीन-चार गटांतूनच घेतात, त्यामुळे पडून राहिलेल्या पॅकमध्ये तेवढेच गट आधी मरतात. पॅक उघडल्यावर ऋण टोकाकडचे तीन गट दीड व्होल्टला आणि बाकीचे सव्वातीनला दिसले, तर गुन्हेगार बहुधा बोर्डच.

महिन्याहून जास्त गाडी उभी राहणार असेल तर करायचे ते एवढेच. पॅक ५० ते ६० टक्क्यांवर आणावा, म्हणजे निकेलवाल्या सेलमध्ये गटामागे ३.७ ते ३.८५ व्होल्ट. पूर्ण भरून ठेवू नये. भरलेला सेल उष्णतेत लवकर म्हातारा होतो. एमसीबी खाली करावी, पॅक निघणारा असेल तर काढून घरात सावलीत, कोरड्या जागी ठेवावा, माळ्यावर पत्र्याखाली नको. दर दोन महिन्यांनी टक्केवारी बघावी आणि ३० च्या खाली गेली तर परत अर्ध्यावर आणावी. शेजाऱ्याकडे किल्ली देऊन जाणाऱ्यांनी ‘मधूनमधून चार्जिंगला लाव’ एवढेच सांगू नये, किती टक्क्यांपर्यंत ते सांगावे.

आता ‘उठवण्या’च्या धंद्याबद्दल. पॅक फार उतरला की बीएमएस चार्जिंगचा मार्गही बंद करतो किंवा चार्जरला पॅकचा व्होल्टेजच दिसत नाही, त्यामुळे चार्जर सुरू होत नाही. हा बिघाड नाही, हा इशारा आहे. दुकानात मात्र पॅक उघडतात आणि दुसऱ्या चांगल्या पॅकमधून किंवा चार्जरमधून दोन वायरी थेट सेलच्या टोकांना, बीएमएसला वळसा घालून लावतात. याला कुणी जंप म्हणतात, कुणी किक. पाच-दहा मिनिटांत व्होल्टेज वर येतो, बोर्ड जागा होतो, चार्जरचा लाल दिवा लागतो आणि ‘झाली बॅटरी’ म्हणून गाडी परत जाते. या सगळ्यात एकाही गटाचा व्होल्टेज वेगळा मोजलेला नसतो, पाच-सहा अँपिअरचा पूर्ण प्रवाह ग्राफाइटच्या मोडलेल्या संरक्षक थरावर सोडलेला असतो आणि नंतर थांबून बघण्याचा तर प्रश्नच नसतो.

नीट करायचे असेल तर ते असे करतात, आणि हे प्रशिक्षित माणसानेच करायचे. ४८ व्होल्टचा पॅक धक्का किरकोळ देईल पण शॉर्ट झाला तर अंगठी वितळवेल. घड्याळ-अंगठी काढून ठेवावी. बीएमएसचा पांढरा कनेक्टर सोडवावा. १३ गटांच्या पॅकमध्ये त्यात १४ बारीक वायरी असतात. पहिली, बहुधा काळी, ही पॅकचे ऋण टोक. मल्टिमीटरचे प्रोब शेजारच्या दोन-दोन पिनांवर धरत गेले की १३ आकडे मिळतात. ते कागदावर लिहावेत. सगळे २.५ च्या वर असतील तर पॅक हळू चार्ज करून वाचवता येतो. काही २.० ते २.५ च्या मधे असतील तर पॅकच्या क्षमतेच्या विसाव्या हिश्शाने, म्हणजे ३० अँपिअर-अवरला दीड अँपिअरने, प्रत्येक गट ३.० वर येईपर्यंत चार्ज करावा. तासा-दीड तासात एखादा गट ३.० गाठत नसेल, किंवा हाताला इतरांपेक्षा गरम लागत असेल, तर तिथेच थांबावे. एखादा गट २.० च्या खाली किती दिवस होता हे कुणालाच सांगता येत नसेल, तर घरात, जिन्याखाली चार्ज होणाऱ्या गाडीसाठी तो गट बाद धरावा. आणि दीड व्होल्टच्या खाली आठवडाभर राहिलेल्या सेलला हात लावू नये; त्या सेलमध्ये तांबे काय करून बसले आहे हे बाहेरून कोणतेही मीटर सांगत नाही.

३.० वर आला म्हणजे काम झाले असेही नाही. सगळे गट ३.८ पर्यंत समान आणावेत, कनेक्टर सोडवलेलाच ठेवावा आणि पॅक १४ दिवस तसाच ठेवून पुन्हा १३ आकडे घ्यावेत. एखादा गट शेजाऱ्यांपेक्षा २० मिलिव्होल्टने जास्त उतरला असेल तर ३० अँपिअर-अवरच्या गटात त्याचा अर्थ ढोबळमानाने दीड-दोन मिलिअँपिअरची आतली गळती असा होतो. तो बारीक शॉर्ट आहे. असा पॅक चालतो, पळतो, ग्राहकाची तक्रारही येत नाही, आणि म्हणूनच तो परत द्यायचा नसतो. लोह-फॉस्फेटच्या सेलचा व्होल्टेजचा वक्र मधल्या पट्ट्यात सपाट असल्याने ही चाचणी तिथे अर्ध्या चार्जवर काही सांगत नाही. ती दहा टक्क्यांच्या आसपास आणून करावी लागते. चौदा दिवस थांबायला दुकानदाराला परवडत नाही, हे समजू शकते. मग ‘होत नाही’ म्हणून सांगावे.

मेलेल्या गटाच्या जागी जुन्या लॅपटॉपमधले सेल स्पॉट वेल्डिंग करून घालणे हा दुसरा प्रकार. क्षमता आणि अंतर्गत रोध जुळला नाही तर तोच गट पुढच्या वेळी सगळ्यांत आधी खाली जातो आणि वर सांगितलेली सगळी कथा पहिल्यापासून सुरू होते.

फोनचे थोडक्यात. फोन शून्य टक्के दाखवून बंद होतो तेव्हा सेल सहसा तीन व्होल्टच्या वरच असतो, त्यामुळे रोजच्या वापरात भीती नाही; तसा बंद पडलेला फोन कपाटात वर्षभर ठेवला तर आहे. ‘महिन्यातून एकदा पूर्ण उतरवून मग भरावी’ ही निकेल-कॅडमियमच्या जमान्यातली शिकवण लिथियमला लागू नाही. लॅपटॉपच्या काही बॅटऱ्यांतली चिप सेल फार खाली गेला की कायमचे कुलूप लावते. ते कुलूप तोडून देणारे आहेत, त्यांच्यापासून दूर राहावे. पॉवर बँक आणि हातातल्या टॉर्चमध्ये सर्रास असणारी डीडब्ल्यू०१ ही संरक्षक चिप २.४ व्होल्टला तोडते, म्हणजे बऱ्यापैकी उशिरा. आणि सुटे १८६५० (दंडगोल) सेल घालायच्या स्वस्त टॉर्चमध्ये तेवढेही नसते. टॉर्च चालू राहून गेली तर त्यातला सेल परत चार्जरवर चढवू नका.

घरातल्या इन्व्हर्टरला ॲसिडच्या बॅटरीऐवजी लोह-फॉस्फेटचा पॅक लावणाऱ्यांनी एक सेटिंग बघावे. ॲसिडच्या १२ व्होल्ट बॅटरीसाठी इन्व्हर्टर १०.५ च्या आसपास तोडतो. चार गटांच्या लोह-फॉस्फेट पॅकला १०.५ म्हणजे गटामागे सरासरी २.६, तिथे वक्र सरळ खाली चाललेला असतो आणि चारांतला कमजोर गट २.५ च्या खाली पोचलेलाही असेल. इन्व्हर्टरला लिथियमचे सेटिंग असेल तर ते निवडावे आणि कट-ऑफ ११.५ ते १२ च्या दरम्यान ठेवावा. पॅकचा बीएमएस हा शेवटचा आधार आहे, रोजचा स्विच नव्हे.

नियमांबाबत. मार्च २०२२ मध्ये पुण्यात लोहगावला रस्त्याकडेला उभ्या स्कूटरने पेट घेतल्याचे चित्रीकरण देशभर फिरले. त्याचे कारण या पत्राचा विषय नाही, पण त्या उन्हाळ्यातल्या घटनांनंतर विजेवरच्या दुचाकींच्या बॅटरी सुरक्षेच्या एआयएस-१५६ या मानकात दुरुस्ती झाली आणि ती १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाली. ही मानके प्रकाशित करणारी एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) ही संस्थाही पुण्याचीच. दुरुस्तीनंतर बीएमएसमध्ये अति-डिस्चार्जपासून संरक्षण आवश्यक झाले आणि चार्जरने खोल उतरलेली बॅटरी ओळखावी, यासाठी प्री-चार्जची (आधी अगदी कमी प्रवाहाने चार्ज करून बघण्याची) सोय मागितली गेली. हे योग्यच झाले. पण २५० वॉटपेक्षा कमी मोटरच्या, ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या गाड्या मोटर वाहनच धरल्या जात नाहीत, त्यांना ना नोंदणी ना परवाना. शाळकरी मुलांपासून डिलिव्हरीवाल्यांपर्यंत सगळे त्या चालवतात. आणि कोणत्याही गाडीचा मूळ पॅक गेल्यावर गल्लीतल्या दुकानात बांधून घेतलेला पॅक कोण तपासतो?

परिवहन विभाग आणि उत्पादक यांच्याकडे मागण्या फार मोठ्या नाहीत. गाडी बंद असताना ती किती मिलिअँपिअर खाते आणि २० टक्क्यांवर किती दिवस उभी राहू शकते, हे माहितीपत्रकात छापणे सक्तीचे करावे. ‘अर्ध्या चार्जवर ठेवा, ही कळ खाली करा’ एवढे दोन ओळींचे मराठीतले स्टिकर एमसीबीशेजारी असावे. बीएमएसच्या स्मृतीत सर्वांत कमी गेलेला सेल व्होल्टेज आणि तारीख अनेक गाड्यांत नोंदलेली असतेच. सर्व्हिसिंगच्या पावतीवर ती ग्राहकाला दाखवावी. वॉरंटी नाकारताना ‘डीप डिस्चार्ज’ एवढे दोन शब्द लिहून चालणार नाही, ही नोंद सोबत द्यावी. गोदामात महिनोन्‌महिने पडलेली नवी गाडी विकतानाही हाच आकडा खरेदीदाराच्या हातात पडायला हवा, कारण तिथल्या निष्काळजीपणाचे बिल शेवटी तोच भरतो. पॅक दुरुस्त करणाऱ्यांनी गटवार व्होल्टेजची चिठ्ठी न देता पॅक परत करू नये, असा नियम स्थानिक पातळीवरही करता येईल.

राहिला प्रश्न बाद पॅकचा. फुगलेला, गोडसर रसायनाचा वास येणारा, किंवा नेहमीच्या निम्म्या वेळात ‘फुल’ दाखवणारा पॅक चार्जिंगला लावू नये. जिन्यात, दारात ठेवू नये. मोकळ्या जागी, फरशीवर, जळाऊ वस्तूंपासून दूर ठेवावा. घंटागाडीत तर मुळीच टाकू नये, कचरा दाबणाऱ्या गाडीत सेल चिरडला की तिथेच पेटतो. ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुनी बॅटरी परत घेऊन तिची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. विक्रेत्याने ‘आम्ही घेत नाही’ म्हटले तर ते लेखी मागावे आणि त्याची प्रत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला पाठवावी.

कळावे,
आपले नम्र,
बॅटरी चाचणी व दुरुस्ती क्षेत्रात काम करणारे काही तंत्रज्ञ, पुणे